एक चॉक म्हणजे किती

आठ दिवस तिसऱ्या रकान्यात अडकलेय.
'केरसुणी-तारा. पूर्वेला. शेपूट सात चॉक.'
लिहिणारा कोरियातल्या कुण्या राजाच्या पदरी,
रात्रपाळीचा कारकून.
आणि मी विडी घरकुलात, दुसऱ्या मजल्यावर,
दिवसा टॉवेलच्या बॉर्डरी आखते,
रात्री त्याचे आकडे उसवते.

दहा छोन म्हणजे एक चॉक.
चॉक म्हणजे त्यांचं फूट. इथवर सोपं.
पण फूट कुणाचं?
सुताराचं वेगळं, पूजेच्या भांड्यांचं वेगळं,
सूर लावायच्या नळीचं वेगळं,
आणि कापडाचं सगळ्यांत लांब.
(इथे मी एकटीच हसले.
कापडवाले तिथेही सैल हाताचे.)
बरं, कळलं समजा कुठलं,
तरी आभाळाला पट्टी लावताना
शून्य कुठं धरायचं?

अंशही आपला नाही त्यांचा.
आपले तीनशे साठ, भागायला सोयीचे.
त्यांचे तीनशे पासष्ट
आणि वर चतकोर.
सूर्य रोज एकेक चालतो,
वर्षाअखेर टोपल्यात तेवढा तुकडा उरतो.
त्यांनी तो टाकला नाही.

मग मी असं केलं:
जिथं जिथं 'चंद्र अमुक ताऱ्यापासून एक चॉक'
तिथं तिथं संगणकावर ती रात्र मागे फिरवली,
खरं अंतर काढलं.
कधी एक अंश. कधी दीड. एकदा तर दोनाला टेकलेलं.
क्षितिजाशी चॉक आखडतो, डोक्यावर सैल पडतो,
हेही धरलं हिशेबात.
तरी धागा तुटतोच,
एका आश्विनात अचानक
सगळे चॉक अर्धे.

उकाडा. गच्चीवर नायनानं बाज टाकलेली.
'काय मोजलालीस गं येवढं?'
सांगितलं.
तो म्हणाला, मिल चालू होती तेव्हा
तिसऱ्या पाळीला गेटवर बिडी ओढताना
मीपण बघितलोय एक शेपटीवाला.
'केवढी होती शेपूट?'
'हातभर.'
'हातभर म्हणजे किती, नायना?'
'हातभर म्हणजे हातभर की बे!'
आणि चिडून हात लांबवला चिमणीकडे,
धूर नसलेल्या.
मधलं बोट मागात गेलेला हात.

खाली अंबक्का उरलेली अबोली विकत होती,
मूर मूर मोजून, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत.
गिऱ्हाईक अडून बसलेलं:
नातीच्या हातानं नको,
तुझ्या हातानं मोज.

मी जिना उतरले तो तीन पायऱ्या एकदम.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी नावं होती.
पाळीवर कोण कोण होतं त्यांची.
पहिल्याच दिवशी तो रकाना मी पुसला होता,
आकडे नव्हते त्यात म्हणून.
मूळ फाईल काढली, नावं परत चिकटवली,
तारखेऐवजी माणसांप्रमाणे लावली यादी.

आश्विनात पाळी बदलली होती.
नवा आला तो आखूड हाताचा,
किंवा लांब हाताचा, अजून ठरत नाही,
पण आपल्या चॉकशी इमानी.
वर्षभर तेवढाच.
आधीचा चुकायचा फक्त थंडीत,
जानेवारीत बाहीत हात ओढून घेत असेल.
एकजण रोज लिहितो, 'ढग. दिसले नाही.'
इतके ढग कुठल्याच देशात नसतात.
तो झोपत होता, माझी खात्री आहे.

पहाटे दोननंतर वहीत एक ओळ वाढवली:
'सोलापूर. मिलचं गेट. साल आठवत नाही.
शेपूट एक हात.
निरीक्षक: मल्लेशम कोडम, जॉबर, तिसरी पाळी.'
आणि एकक ठरवायला वर गेले टेप घेऊन.
तो गाढ झोपलेला,
हात बाजेखाली लोंबता.
कोपरापासून मोजला.
कुठल्या बोटापर्यंत धरायचा
ते उठल्यावर विचारेन.